बडोद्याहून तीन दिवस: आधी पंचांग उघडा, मग हॉटेल बघा

दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस मोकळे आहेत. बरोबर सत्तरीच्या, पूर्ण शाकाहारी सासूबाई, मासळीसाठी कुठेही जायला तयार असलेला नवरा आणि ‘समुद्र नसेल तर आम्ही येत नाही’ म्हणणारी दोन मुलं. काही जुनं, इतिहासाचंही बघायचं आहे. गोवा करावा, दीव करावं की आणखी काही?

ताई, गोवा या वेळी सोडा. बडोद्याहून कोकण रेल्वेने जायची एक रात्र, यायची एक रात्र, आणि मधल्या वेळात सासूबाईंची कंबर. दीव सुंदर आहे, पाणीही आपल्या दक्षिण गुजरातपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण खंभातच्या आखाताला वळसा घालून जायचं तर एक अख्खा दिवस रस्त्यावर जातो. हजिरा-घोघा रो-रो फेरीने वळसा वाचतो, तरी घोघ्याच्या पुढे सौराष्ट्राचा रस्ता उरतोच. चार-पाच दिवस असतील तेव्हा दीव करा.

तीन दिवसांत माझं उत्तर ठरलेलं आहे: नवसारी, दांडी, दमण, उदवाडा. मी बडोद्याहून छोटे गट घेऊन या पट्ट्यात बरीच वर्षं फिरतोय. लोक दमणला जाऊन नाराज होऊन येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा दमण नसतं, तारीख असते. म्हणून हॉटेलाच्या आधी तारखेचं बोलतो.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. दक्षिणेकडे येताना तो कमी होतो, पण दमणलाही पाणी इतकं मागे जातं की ओहोटीला समोर नुसता चिखल आणि खडक दिसतात. समुद्र कुठे गेला, असं मुलं खरोखर विचारतात. आता कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब घ्या: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. उत्तरेकडे येताना वेळ पुढे सरकते, म्हणून दमणसाठी ढोबळमानाने तासभर वाढवा.

याचा अर्थ असा की पौर्णिमेला दमणमध्ये भरती भर दुपारी उन्हात आणि सूर्यास्ताला पूर्ण ओहोटी. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जेवढं वर येतं तेवढंच लांब मागे जातं. नेमक्या पौर्णिमेलाच सगळे ‘चांदण्यातला समुद्र’ बघायला जातात आणि चांदण्यातला चिखल बघून परत येतात. त्याउलट पंचमी ते अष्टमी, शुद्ध असो वा वद्य, संध्याकाळी पाणी किनाऱ्याशी असतं. शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे चढउतार कमी, ओढ कमी. लहान मुलं बरोबर असताना हेच हवं. तेव्हा सासूबाईंचं पंचांग काढा आणि ज्या शनिवारी पंचमी ते अष्टमीतली तिथी पडते तो शनिवार धरा. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघा, पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता.

पाण्याच्या रंगाबद्दलही आधीच सांगतो. नर्मदा, तापी, दमणगंगा यांचा गाळ आणि भरतीची घुसळण यामुळे इथलं पाणी मातकटच असतं, वाळू काळसर. घाण म्हणून नव्हे, गाळ म्हणून. मुलांना निळ्या पाण्याचे फोटो दाखवून नेऊ नका.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने नवसारीला उतरा, अडीच तासांच्या आसपासचा प्रवास. गाडी स्वतःची आणू नका. हायवेवर भरूच-सुरत पट्ट्यात ट्रकांच्या रांगेत अडकलात तर सकाळ गेली. नवसारीहून तीन दिवसांसाठी टॅक्सी ठरवा आणि परतीला वलसाडला सोडून द्या.

नवसारी हा बडोद्याच्या मराठी माणसाने एकदा तरी नीट बघायला हवा असा गाव. गायकवाडी राज्याचे बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत आपण शाळेत ऐकले, पण बडोद्याच्या सुलतानपुऱ्यातल्या किती घरांनी नवसारी बघितलीय? 1949 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हे आपल्याच राज्याचं गाव होतं. सयाजीरावांच्या नावाचं सार्वजनिक पुस्तकालय इथे आजही चालतं.

गावातली माझी आवडती जागा मात्र दुसरी: दस्तूर मेहरजी राणा ग्रंथालय, स्थापना 1872. अकबराच्या दरबारात गेलेल्या नवसारीच्या पारशी धर्मगुरूंच्या नावाचं. अवेस्ता, पहलवी, फारसी हस्तलिखितांचा हा मोठा साठा आहे. मुलांना कपाटं बघून कंटाळा येईल, त्यांना अर्धा तास पुरे. सासूबाईंना वाचनाची आवड असेल तर त्या तिथे रमतील. जवळच्या पारशी वस्तीत जमशेटजी टाटांचं जन्मघर आहे, जन्म 3 मार्च 1839. घर साधं आहे. एवढ्याशा घरातून टाटा निघाले हे बघायचं आणि पुढे जायचं.

नवसारीत खरेदी एकच करा: कोलाह यांचा उसाचा सरको, म्हणजे व्हिनेगर. पाटियो या पारशी मासळीच्या रश्श्याला जी आंबट-गोड चव असते ती या सरक्याशिवाय येत नाही. साध्या पांढऱ्या व्हिनेगरने केलेला पाटियो नवऱ्याला खायला घातलात तर तोच सांगेल. बाटली नीट गुंडाळून बॅगेत ठेवा, झाकणं कधीकधी पाझरतात. दुपारचं जेवण गुजराती थाळीचं घ्या, सासूबाईंना दिवसाचं एक पूर्ण जेवण इथे निर्धास्त मिळेल. अमलसाडचे चिकू या दिवसांत मिळतात, टॅक्सीवाल्याला सांगितलं तर तो वाटेत थांबवतो.

दुपारी तीनच्या सुमारास दांडी. नवसारीहून वीस किलोमीटरच्या आत. आता इथे नकाशा डोक्यात ठेवायला हवा: नवसारी गायकवाडांची, पण दांडी जलालपूर तालुक्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात. मिठाचा कायदा मोडायचा तर तो इंग्रजांच्या मुलखात मोडायला हवा होता. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून निघालेले गांधीजी 24 दिवस चालून 5 एप्रिलला इथे पोहोचले आणि 6 तारखेच्या सकाळी मीठ उचललं. ते राहिले ती सैफी व्हिला बघता येते. मीठ सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक 30 जानेवारी 2019 ला खुलं झालं. तळ्याभोवती 80 यात्रेकरूंचे पुतळे आहेत, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मुलांना एकेक पुतळा शोधायला लावा, ती रमतात. किनारा पाण्यात खेळण्याजोगा नाही. पाय ओले करा, पण ओहोटीला आत चालत जाऊ नका, भरती इथे सपाट चिखलावरून झपाट्याने येते.

परतताना कराडी गावात थांबा, तेवढं नक्की करा. दांडीला सगळे जातात, कराडीला फार थोडे. मीठ उचलल्यावर गांधीजी इथे झोपडीत राहिले आणि 4-5 मेच्या मध्यरात्री त्यांना इथून पकडून येरवड्याला नेलं. त्यांच्या जागी धारासणाच्या मिठागरावरच्या मोहिमेचं नेतृत्व कोणी घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं: अब्बास तय्यबजी, वय 76, आणि हुद्दा कोणता, तर बडोदा संस्थानाचे निवृत्त सरन्यायाधीश. आयुष्यभर कायदा चालवलेला आपल्या बडोद्याचा माणूस कायदा मोडायला निघाला. त्यांनाही वाटेतच अटक झाली. मग सरोजिनी नायडू पुढे आल्या आणि 21 मेला धारासणाच्या मिठागरावर तो लाठीमार झाला जो जगभर छापून आला. दांडीच्या सहलीत ही गोष्ट मुलांना सांगा, पुतळ्यांपेक्षा जास्त लक्षात राहते.

रात्री दमण गाठा. दोन रात्री एकाच हॉटेलात राहा, ज्येष्ठ माणूस बरोबर असताना रोज सामान बांधणं नको. देवका किनाऱ्याच्या बाजूला हॉटेलं जास्त, गोंगाटही जास्त, आणि शनिवारी रात्री सुरत-बडोद्याहून फक्त पिण्यासाठी आलेली मंडळी तिथेच असतात. मी कुटुंबांना जामपोर किनाऱ्याच्या बाजूला किंवा मोटी दमणमध्ये, म्हणजे दमणगंगेच्या किल्ल्याकडच्या काठावर ठेवतो. पर्याय कमी आहेत, म्हणून लवकर बुकिंग करा.

शनिवारची सकाळ मोटी दमणची. तुम्ही वसईचा किल्ला बघितला असेल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांचा ‘उत्तरेचा प्रांत’ संपला. त्यांच्याकडे इथे उरलं ते दमण आणि दीव. वसईत तुम्ही जे पडकं बघता, ते न पडता कसं दिसलं असतं हे मोटी दमणमध्ये दिसतं: दहा बुरूज, दोन दरवाजे, खंदक, आणि आत आजही सरकारी कचेऱ्या, शाळेला जाणारी मुलं, रविवारची प्रार्थना. 1559 मध्ये पोर्तुगिजांनी दमण घेतलं आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत ठेवलं. म्हणजे ही माणसं इथे चारशे वर्षं राहिली. दगडावर कोरलेले पोर्तुगीज लेख वाचता येत नाहीत म्हणून सोडू नका, तारखा वाचता येतात.

बॉम जेझूचं चर्च बघाच, पण त्याहून मला समोरचं छोटं रोझरीचं चॅपल आवडतं. आतलं लाकडी कोरीवकाम सावकाश बघायचं. चर्चमध्ये टोप्या काढा, आवाज कमी ठेवा, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. एवढं आपल्या देवळातही सांगावं लागतं म्हणून सांगतो. दुपारच्या आत नदीपलीकडे नानी दमणला जा. सेंट जेरोमचा किल्ला लहान आहे, तटावर चढायला पायऱ्या आहेत. सासूबाई खाली दरवाजाशी बसू शकतात. तिथे दरवाजावर जेरोमची भली मोठी मूर्ती आहे. वरून दमणगंगेचं मुख आणि मासेमारीच्या होड्या दिसतात.

मराठी म्हणून एक जोड. शेजारचे दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून सुटले ते 1954 मध्ये, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा घेणाऱ्या तुकडीत पुण्या-मुंबईची मराठी तरुण मंडळी होती. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं त्यातलीच. तुमच्या घरात बाबूजींची गाणी वाजत असतील तर प्रवासात ही गोष्ट निघणारच. सिल्वासा मात्र या तीन दिवसांत घालू नका.

आता नवऱ्याच्या मासळीचं. नानी दमणच्या धक्क्यावर सकाळी होड्यांचा माल उतरतो. विकत घ्यायचं नसलं तरी बघा, म्हणजे दुपारी काय मागवायचं ते कळतं. मेनूकार्ड बाजूला ठेवून ‘आज काय आलंय’ एवढंच विचारायचं. हिवाळ्यात बोंबील चांगले, स्थानिक त्यांना बुमला म्हणतात. पापलेट महाग आणि त्यातलं बरंचसं बर्फातलं. कोळंबी बहुधा ताजी. हिरव्या पडद्यांची, दारूवरच चालणारी हॉटेलं टाळा, तिथे मासा मसाल्यात बुडवलेला असतो. जिथे दुपारी कामगार आणि सरकारी बाबू जेवतात तिथे जा. सासूबाईंसाठी वेगळ्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात जेवण घ्या, एकाच टेबलावर सगळ्यांना बसवायचा हट्ट नको. दोन ठिकाणी जेवून एका ठिकाणी ताक प्यायला भेटा, सगळे खूश.

आणि दारूचं स्पष्ट सांगतो. दमणमध्ये चालते, गुजरातमध्ये चालत नाही. एक बाटलीसुद्धा परत आणायची नाही, मित्राने सांगितली म्हणूनही नाही. वापीकडे येताना तपासणी होते आणि मुलांसमोर बॅगा उघडल्या जातात. प्यायलेल्या अवस्थेत हद्द ओलांडणं हाही गुन्हाच आहे. शनिवारी दुपारी थोडी बिअर घेतली तर घ्या, रविवारी सकाळी नाही.

शनिवारी दुपारी झोपा. खरंच झोपा. पाच वाजता जामपोर. देवका खडकाळ आहे, तिथे नुसतं फिरायचं. नवा सीफ्रंट रस्ता चालायला छान आहे, मुलांना सायकल मिळाली तर आणखी छान. पाण्यात उतरायचं तर जामपोरच, वाळू आहे आणि उतार मंद. पंचमी-अष्टमीचा दिवस निवडला असेल तर या वेळी पाणी वर चढलेलं असेल. गुडघ्यापर्यंत, त्याच्या पुढे नाही. टॅक्सी वाळूवर उतरवू देऊ नका. दर आठवड्याला कुणाची ना कुणाची गाडी भरतीत रुतते आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे मोजावे लागतात.

रविवारी सामान घेऊन निघा आणि दहाच्या सुमारास उदवाड्याला पोहोचा. हे गाव मी शेवटी ठेवतो, कारण इथून निघावंसं वाटत नाही आणि पुढे कुठे पोहोचायची घाई नको. पारशांचा सर्वांत पवित्र अग्नी, इराणशाह, इथे आहे. संजाणहून निघून, डोंगरात लपून, बांसडा, नवसारी असं फिरत तो 1742 मध्ये उदवाड्याला आला. नवसारी सुटली ती परक्यांच्या स्वारीमुळे नव्हे, धर्मगुरूंच्या दोन शाखांमधल्या वादामुळे. मग नवसारीकरांनी 1765 मध्ये स्वतःचा आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर, उभा केला. दोन्ही गावं सलग बघितली की हा जुना रुसवा समजतो.

अग्यारीत आपल्याला प्रवेश नाही. दारात उभं राहून वाद घालणारे पर्यटक मी बघितलेत, तसं करू नका. उदवाडा बाहेरूनच बघायचा असतो: ओटे, कौलारू छपरं, लाकडी खांब, उंबऱ्यावर सकाळी उमटवलेला चुन्याचा चोक, म्हणजे रांगोळी. कितीतरी घरांना कुलूप आहे. छोटं संग्रहालय आहे, तिथे पारशी धर्माची माहिती नीट मांडलीय. समुद्र इथे किनारा खातोय, म्हणून दगडी बांध घातलाय. मुलांना वाळू मिळणार नाही.

जेवण मात्र आधी फोन करून सांगावं लागतं, आदल्या दिवशी सांगितलं तर उत्तम. पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा), बोई हा मासा मिळाला तर तळलेली बोई, सली मरघी (बटाट्याच्या सळ्यांसह कोंबडी), शेवटी लगननुं कस्टर्ड. धनसाक, म्हणजे डाळ-भाज्या-मटणाचा पारशी पदार्थ, मागण्याआधी हे माहीत असू द्या: पारशी घरात तो शुभकार्याला करत नाहीत, मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवशीचं ते जेवण. एरवी रविवारचा बेत म्हणून चालतो, तुम्ही रविवारी जाताय, मागवा. शाकाहारी धनसाक बहुतेक ठिकाणी करून देतात, मात्र ‘अंडंही नको’ हे दोनदा सांगा. पारशी स्वयंपाकात अंडं हे भाजीच्या बरोबरीचं समजलं जातं. सासूबाईंसाठी शेव आणि गोड दही, रवो (रव्याची खीर) आहेच. थंडी कडक असेल आणि तुम्ही लवकर पोहोचलात तर दूधना पफ मिळेल: रात्रभर गारव्यात ठेवलेल्या दुधाचा पहाटे घुसळलेला फेस. नऊनंतर विचारू नका. हाताने फिरवलेलं आइस्क्रीम दुपारीही मिळतं.

उदवाड्याहून वलसाडच्या दिशेने निघालात की हायवेच्या कडेला मडकी आणि धूर दिसायला लागतील. ते उंबाडियुं, मडक्यात भाजलेल्या भाज्या. रायगडच्या पोपटीसारखंच, फक्त भांबुर्ड्याऐवजी इथे कलारचा पाला आणि आत अंडं-कोंबडी काही नाही. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, हिरवा मसाला. तेल नाही, पाणी नाही. मडकं उपडं ठेवून भोवती आग. सासूबाईंचं माहेर कोकणातलं असेल तर त्या पहिल्या घासाला ओळखतील. मडकं तुमच्यासमोर उघडलं जात असेल तिथेच थांबा. झाकून ठेवलेला ढीग वजनावर देत असतील तर पुढच्या टपरीवर जा. बरोबर हिरवी चटणी आणि ताक मागा. घरी नेण्यासाठी बांधून घेतलंत तर रात्रीच संपवा, दुसऱ्या दिवशी तापवलं की कोनफळ चिकट होतं.

वेळ उरला तर तिथल हे वलसाडचं किनाऱ्यावरचं ठिकाण अर्ध्या तासात होतं. रविवारी संध्याकाळी तिथे जत्रा असते, मी सहसा वगळतो. सुरतही यात बसवू नका. त्याचा एक वेगळा रविवार करा: सकाळी लोचो (वाफवलेल्या डाळीचा सुरती नाश्ता), मग सोळाव्या शतकातला किल्ला, मग इंग्रजांचं कबरस्तान. तिथे जॉर्ज ऑक्सेंडेनची घुमटाकार कबर आहे. 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखार धरून बसलेला प्रमुख तोच. पोंकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसांत गेलात तर तापीकाठी पोंकवडे मिळतील.

वलसाडहून बडोद्याची परतीची तिकिटं आजच काढा. रविवार संध्याकाळच्या गाड्या मुंबईहूनच भरून येतात आणि वलसाडचा कोटा थोडा असतो. सासूबाईंना खालचा बर्थ किंवा चेअरकारची कडेची जागा मागा. आणि आधी तिथी, मग तिकीट. या क्रमात बदल करू नका.